ओढणाऱ्याचं कौतुक, मोड आणणाऱ्याचं काय?

चीनमध्ये चांद्रवर्षाच्या बाराव्या महिन्यात, उत्तरेकडे तेविसाव्या दिवशी आणि दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी चोविसाव्या, चुलीच्या देवाला निरोप देतात. हा देव वर्षभर चुलीपाशी बसून घरातलं सगळं ऐकतो आणि वर्षाखेरीस स्वर्गात जाऊन जेड सम्राटाला घरादाराची हकिगत सांगतो, अशी समजूत. त्याने गोड बोलावं, नाहीतर त्याचं तोंड चिकटून तरी बसावं, म्हणून त्याच्यापुढे एक पांढरी, चिवट मिठाई ठेवतात. ईशान्य चीनमध्ये तिच्या लांब कांड्या असतात, त्यांना ग्वानदोंग तांग म्हणतात. बीजिंगच्या बाजूला ती टरबुजाच्या आकाराची, तांगग्वा. हुबेई प्रांतातल्या श्याओगानमध्ये तीळ लावून फणीसारखे पातळ काप करतात, ते माथांग. सिचुआनमध्ये आणि हाँगकाँगमध्ये छिन्नी-हातोडीने तुकडे पाडून विकतात, त्या आवाजावरून डिंगडिंग तांग.

नाव-आकार बदलला तरी पाया एकच: मोड आलेला गहू किंवा जव, आणि शिजवलेलं धान्य. दक्षिणेत चिकट तांदूळ, उत्तरेत राळ्यासारखं भरडधान्य. श्याओगानचे कारागीर वरून साखरही घालतात, पण या मिठाईच्या मुळाशी ऊस नाही. उसाचा रस आटवून साखर काढायची पद्धत शिकायला तांग सम्राट ताइझोंगने इ.स. ६४७मध्ये मगधाला माणसं पाठवल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. धान्याच्या मोडांपासून गोड पाक करायची विद्या मात्र तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून होती. या पाकाला ‘मायया तांग’ म्हणतात. शब्दशः अर्थ, गव्हाच्या मोडांची साखर.

चीनने २००६मध्ये अमूर्त वारशाची, म्हणजे कला, कसब, सण अशा वारशाची, पहिली राष्ट्रीय यादी काढली, २०११मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर २०२४मध्ये चिनी नववर्षाचा सगळा उत्सवच युनेस्कोच्या यादीत गेला. वारशाच्या यादीतल्या कारागिरांना ‘वारसदार’ म्हणून नेमलं जातं, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या वारसदाराला २०१६पासून केंद्राकडून वर्षाला २०,००० युआन मिळतात. ही चांगली गोष्ट आहे. प्रश्न असा, की हे सगळं नेमकं कशासाठी? मिठाईच्या बाबतीत वारसा म्हणून जे दाखवलं जातं, ते जवळजवळ नेहमी ओढकाम असतं: लाकडी खुंटीवर अडकवलेला तपकिरी गोळा, तो ओढणारे दोन हात, आणि बघता बघता त्याचं होणारं पांढरंशुभ्र रेशीम. जत्रेत, पर्यटकांच्या गल्लीत, मोबाइलवरच्या चित्रफितीत हेच दिसतं. खरी विद्या त्याच्या आठवडाभर आधी, ओल्या फडक्याखाली, अंधारात चाललेली असते. ती कुणी बघत नाही, म्हणून तिला कुणी पैसेही देत नाही. माझं म्हणणं असं आहे, की वारशाचा पैसा आणि मान आधी मोड आणणाऱ्याला जायला हवा. ओढकाम यंत्राने झालं तरी चालेल.

हे टोकाचं वाटू नये म्हणून काम मुळापासून सांगावं लागेल.

गहू त्याच वर्षीचा, अखंड आणि उगवणशक्ती असलेला हवा. जुना किंवा फुटका दाणा मोड देत नाही, कुजतो, आणि शेजारच्या दहा दाण्यांना बुरशी लावतो. उन्हाळ्यात बारा तास आणि थंडीत चोवीस तास भिजवून, निथळून, बांबूच्या सुपात दोन सेंटीमीटरहून जाड नाही असा थर पसरायचा आणि वर ओलं फडकं टाकायचं. दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडायचं, साचू द्यायचं नाही. मोड फुटताना दाणे स्वतःच तापतात. थर जाड झाला की मधला भाग हाताला गरम लागतो, मग आंबूस वास येतो आणि तो घाणा गेला. मोसमाप्रमाणे तीन दिवसांपासून आठवडाभरात कोंब तीन-चार सेंटीमीटरचे होतात. तिथेच थांबायचं. कोंब अजून पांढरे-पिवळसर असले पाहिजेत. हिरवे झाले की पाकाला गवताचा कडवट वास येतो, आणि दाण्यातला जो ऐवज आपल्याला हवा आहे तो रोप स्वतःच्या वाढीसाठी खर्चू लागतं.

हे ज्ञान किती जुनं आहे त्याचा लेखी पुरावा आहे. सहाव्या शतकात जिया सिशिए या अधिकाऱ्याने शेती आणि घरउद्योगावर ‘छिमिन याओशू’ हा ग्रंथ लिहिला, त्यात हा पाक करण्याच्या रीती दिल्या आहेत. पांढरी मिठाई हवी असेल तर पांढऱ्या कोंबांचे सुटे मोड घ्या, मुळं गुंतून थापी झालेले घेऊ नका. काळ्या मिठाईला हिरवे, थापी झालेले मोड चालतील, असं तो सांगतो. प्रमाणही देतो. पांढऱ्यासाठी शंभर मापं तांदळाला वाळवून दळलेल्या मोडांचं पीठ पाच मापं, काळ्यासाठी दहा. आणि क्रियापद वापरतो ते ‘मारणं’: इतकं मोडाचं पीठ इतका तांदूळ मारतं. पारा मारतात तसा.

आजही ओल्या मोडांच्या कामाला साधारण दहा किलो तांदळामागे एक किलो कोरडा गहू धरतात. तांदूळ भिजवून वाफेवर शिजवायचा, दाणा आतपर्यंत मऊ झाला पाहिजे. मोड मुळांसकट बारीक चिरून किंवा कुटून घ्यायचे. आणि मग येतो तो क्षण, जिथे सगळं काम फसतं किंवा साधतं. भात साठ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला की कोमट पाण्यासोबत मोड त्यात मिसळायचे. मोडांमध्ये पिष्ट (स्टार्च) तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात, त्यातलं एक पिष्टाच्या साखळीच्या टोकापासून दोन-दोन कड्यांचे तुकडे पाडतं, आणि ते दोन कड्यांचे तुकडे म्हणजेच माल्टोज ही साखर. हे विकर पंचावन्न ते साठ अंशांत जोमाने काम करतं, पासष्टच्या पुढे मरायला लागतं. घाईने सत्तर-ऐंशी अंशांच्या भातात मोड घातले तर रात्रभर ठेवूनही भाताची पेजच राहते. उलट पन्नासच्या खाली गेलं की आंबवणारे जंतू ताबा घेतात आणि सकाळी भांडं उघडलं की आंबील. म्हणून मातीचा रांजण, त्याभोवती पेंढा, वर गोधडी. सहा ते आठ तासांनी बघायचं: भाताच्या दाण्यांची नुसती सालपटं उरलेली असतात आणि मधे स्वच्छ, फिकट पिवळं, गोड पाणी सुटलेलं असतं. आयोडीनचा थेंब टाकून बघता येतं. निळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे, पिवळट-तपकिरीच राहिला तर काम झालं. जुन्या कारागिराला थेंब लागत नाही, तो दाणा दोन बोटांत चिरडून बघतो.

मराठी घरात हे अगदी परकं नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळाला सत्त्व देतात, आणि त्या पिठाची खीर साध्या पिठापेक्षा पातळ होते, हे घरोघरी माहीत आहे. ती पातळ होते तेव्हा तिथेही विकरं पिष्टच तोडत असतात. आपण ते बाळाच्या वाटीपर्यंत नेलं, चिनी कारागिराने पुढे कढईपर्यंत.

गाळून, पिळून घेतलेलं पाणी रुंद कढईत आटवायचं. चोथा डुकरांना जातो. इथे कढई रसाच्या तिप्पट मोठी लागते, कारण धान्यातल्या प्रथिनांमुळे फेस भरभरून वर येतो आणि तो सारखा काढावा लागतो. सुरुवातीला आच मोठी चालते. पाक घट्ट होऊ लागला की मंद, कारण तळाला लागलेला पाक दुरुस्त होत नाही, जळका वास शेवटच्या कांडीपर्यंत जातो. जिया सिशिएने हेही लिहून ठेवलंय: एका माणसाने फक्त पळीने पाक उचलून ओतत राहायचं, हात थांबू द्यायचा नाही, हात थांबला की मिठाई काळी पडते. कोल्हापूरच्या गुऱ्हाळातला गुळव्या काहिलीपाशी उभा राहून हेच राखत असतो. एकतारी, दोनतारी, गोळीबंद या आपल्या पायऱ्यांच्या पुढे हा पाक जातो. थंड पाण्यात टाकलेला थेंब चिवट राहता कामा नये, काचेसारखा कटकन तुटला पाहिजे. या तासन्‌तासांच्या आटवण्यात धान्यातली प्रथिनं आणि साखर मिळून तो रंग आणि भाजलेल्या धान्याचा वास तयार होतो. मिठाईची चव म्हणतात ती हीच.

आता ओढणं. पाक तेल लावलेल्या परातीत ओतून, हाताला सोसवेल इतका निवला की खुंटीवर टाकायचा, ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. प्रत्येक घडीबरोबर हवा आत कोंडली जाते, हवेच्या त्या बारीक नळ्यांवर उजेड विखुरतो म्हणून तपकिरी गोळा पांढरा होतो. गरम असताना ओढलं तर हवा टिकत नाही, फार निवला तर तुटतो. उसाच्या साखरेचा पाक असा ओढताना चटकन दाणेदार होऊन बसतो. मोडांच्या पाकात माल्टोजसोबत अर्धवट तुटलेलं पिष्ट असतं, ते दाणा बनू देत नाही, म्हणून हा पाक इतका ओढ सोसतो. ‘ड्रॅगनची दाढी’ म्हणून जी मिठाई प्रसिद्ध आहे, तिच्यात कडं चौदा वेळा दुपटीने दुमडलं की १६,३८४ तंतू होतात. हे कसब आहे, यात शंका नाही. सोनपापडीचं कडं परातीभोवती बसून ओढणाऱ्यांचं कसबही त्याच जातीचं. पण हे हाताच्या सवयीचं कसब आहे, काही महिन्यांत येतं, आणि टॉफी ओढणारी यंत्रं शंभराहून अधिक वर्षं ते काम करत आली आहेत. यंत्राने ओढलेल्या धान्याच्या पाकाला धान्याची चव असते. हाताने ओढलेल्या कारखान्याच्या पाकाला ती नसते.

आणि आज ओढला जातो तो पाक बहुतेक ठिकाणी कारखान्याचा असतो. मक्याचं किंवा दुसरं कुठलं पिष्ट घेतात, उष्णता सोसणारं विकर घालून शंभर अंशांच्या जवळपास पातळ करतात, मग दुसऱ्या विकराने माल्टोज करतात, कोळशातून आणि आयन-विनिमयाच्या नळकांड्यातून गाळून रंग, वास, प्रथिनं काढून टाकतात. पाक पाण्यासारखा स्वच्छ, बारा महिने एकसारखा आणि स्वस्त. आपल्याकडचे मिठाईवाले लिक्विड ग्लुकोज म्हणून डबे आणतात त्याचा सख्खा भाऊ. या पाकाच्या बाटलीवरही नाव तेच लिहिलेलं असतं, मायया तांग, मोडांची साखर. आत बहुतेक वेळा एकही मोड नसतो.

यावर पहिला आक्षेप रसायनशास्त्राचा. माल्टोज तो माल्टोज. रेणूला आपण कुठून आलो हे ठाऊक नसतं. हे रेणूपुरतं खरं आहे. पण मिठाई नुसत्या माल्टोजची नसते. कारखान्यात जे मुद्दाम गाळून टाकलं जातं, ते कढईत मुद्दाम राखलं जातं. दोन पाक शेजारी ठेवून वास घेतला तर लहान मूलही फरक सांगेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्याला उडवून लावणं अन्यायाचं होईल. गाडीवर मिठाई विकणाऱ्याला आठवडाभर मोड राखणं परवडत नाही. त्याची सगळी कमाई वर्षातल्या दोन-अडीच थंड महिन्यांची असते, कारण ही मिठाई हवेतलं पाणी ओढून घेते. उन्हाळ्यात, दमट हवेत कांड्या तासाभरात एकमेकींना चिकटतात. ग्वानदोंग तांग तर ईशान्येच्या कडाक्यात उघड्यावर गोठवून खायची चीज आहे, दाताखाली कुर्रकन मोडते, आणि उबदार खोलीत आणली की लोचट होते. अशा माणसाने स्वस्त पाक घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. शिवाय ही मिठाई कधीच उंची नव्हती. झेजियांगमधल्या यिवूचे फेरीवाले खुळखुळा वाजवत गावोगाव हिंडायचे, गोळ्या देऊन कोंबडीची पिसं घ्यायचे, आपल्याकडे बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते तशी. याच फेऱ्यांच्या जोरावर यिवूची बाजारपेठ उभी राहिली, जिथे आज मुंबईचे व्यापारीही माल घ्यायला जातात. गरिबाच्या धंद्यावर शुद्धतेची सक्ती लादली तर धंदाच मरेल, हे म्हणणं बरोबर आहे.

म्हणूनच मी विक्रेत्याकडे बोट दाखवत नाही. त्याने स्वस्त पाक ओढावा, पोट भरावं. सक्ती हवी ती फक्त तिथे, जिथे ‘वारसा’ हा शब्द वापरून सरकारी पैसा घेतला जातो आणि पाटी लावली जाते. २०११च्या कायद्यातलं ३१वं कलम वारसदाराची कर्तव्यं सांगतं: शिष्य घडवणं, संबंधित वस्तू आणि माहिती जपणं, सर्वेक्षणात मदत करणं, लोकांसमोर प्रसार करणं. विनाकारण कर्तव्य टाळलं तर मान काढूनही घेता येतो. या यादीतली प्रसाराची बाब मोजायला सगळ्यात सोपी आहे: किती कार्यक्रम केले, किती माणसं आली. शिष्याला मोड ओळखता येतात का, हे मोजायला कुणीतरी चार दिवस सुपापाशी जावं लागेल. सोपं मोजलं जातं, आणि मोजलं जातं तेच वाढतं. पर्यटकांना जुलैमध्येही ओढकाम बघायचं असतं. जुलैमध्ये मोडांचा पाक करून कांड्या विकणं हवेमुळेच अवघड. कारागीर मग बाटली उघडतो. प्रयोगाची मागणीच त्याला बाटलीकडे ढकलते.

चूल बदलायला माझी हरकत नाही. लाकूड जाळण्यावर शहरांत बंधनं आहेत, ती योग्यच आहेत. वाफेवर तापणाऱ्या दुहेरी भिंतीच्या कढईत पाक उलट कमी करपतो. रांजण-गोधडीऐवजी साठ अंशांवर स्थिर राहणारी टाकी वापरली तर आंबण्याचं नुकसान टळतं. कोंब चिरायला यंत्र, पिळायला यंत्र, ओढायला यंत्र, सगळं चालेल. मोड मात्र विकत आणलेल्या विकराच्या पुडीने बदलता येणार नाहीत, कारण पुडीत फक्त विकर असतं. दाण्याची जात, मोसम, कोंबाचा रंग बघून उद्या थांबायचं की आज, हा निर्णय पुडीत नसतो. तो निर्णय घेणारी माणसं गेली की पुस्तकातली कृती वाचून तो परत आणता येत नाही. सहाव्या शतकातला मजकूर आपल्याजवळ शब्दशः आहे, तरीही ‘पांढरे सुटे मोड’ म्हणजे नेमके कसे, हे हातात सूप घेतलेल्या माणसानेच दाखवावं लागतं.

आपल्याकडचा दाखला जवळचा आहे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नावाला कायद्याचं कवच आलं, पण रसात साखर मिसळून गूळ पिवळाधमक करण्याची तक्रार त्याने संपली नाही. मानांकन ढेपेच्या नावाला मिळतं, काहिलीत काय पडलं ते कुणीतरी रोज बघावं लागतं. चिनी मिठाईच्या बाबतीतही पाटी नावाला लागली आहे, रांजणाला नाही.

काय करता येईल ते अवघड नाही. वारसदाराच्या वार्षिक तपासणीत कार्यक्रमांच्या संख्येऐवजी मोसमातल्या घाण्यांची नोंद मागावी: गहू कधी भिजवला, कोंब किती दिवसांनी काढले, किती तांदळाला किती मोड, किती घाणे आंबले. आंबलेले घाणे लपवायची लाज वाटू नये, उलट ज्याच्या वहीत एकही घाणा आंबलेला नाही त्याच्याकडे जास्त बारकाईने बघावं. वारशाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मिठाईच्या वेष्टनावर ‘मोडांचा पाक’ की ‘पिष्टाचा पाक’, हे ठळक लिहिणं बंधनकारक असावं. पडताळणीही शक्य आहे. गाळून शुद्ध केलेल्या पाकात प्रथिनांचा अंश जवळपास उरत नाही, धान्याच्या पाकात उरतो. प्रयोगशाळेतली ती साधी चाचणी आहे. आणि मानधन एका वारसदाराच्या नावावर न ठेवता त्याचा एक हिस्सा थंडीच्या तीन महिन्यांसाठी मोडांवर काम करणाऱ्या शिकाऊ माणसाच्या मजुरीला बांधावा. ओढणारा शिष्य सहज मिळतो, त्याचे फोटो निघतात. पहाटे उठून फडकं उचलून थराखाली हात घालणारा, आणि ‘मधे तापलंय, उलटा’ म्हणणारा शिष्य मजुरी दिल्याशिवाय मिळणार नाही.

उन्हाळ्यात पर्यटकांना दाखवायला काही नको का? दाखवावं. सुपं दाखवावीत. एका सुपात पहिल्या दिवसाचा फुगलेला दाणा, दुसऱ्यात पांढरं टोक, तिसऱ्यात तीन सेंटीमीटरचा फिका कोंब, चौथ्यात हिरवा पडलेला, वाया गेलेला. चारही चाखायला द्यावेत. तिसरा कोंब गोडसर लागतो, चौथा गवतासारखा.